काँट्रा पुन्हा खेळा, पण दोघांनी

नव्वदच्या दशकातल्या तुमच्या मे महिन्याच्या सुट्ट्या महाराष्ट्रातल्या एखाद्या वाड्यात, चाळीत किंवा कॉलनीत गेल्या असतील, तर ‘काँट्रा’ म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. घरी व्हिडिओ गेम नसेल तर शेजाऱ्यांकडे असायचा, शेजाऱ्यांकडेही नसेल तर कोपऱ्यावरच्या दुकानात तासाच्या भाड्याने मिळायचा. कॅसेटवर नऊशे नव्याण्णव खेळ असल्याचं छापलेलं असे. प्रत्यक्षात तेच पाच-सहा खेळ वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा येत, आणि त्यांत काँट्रा हमखास असे. माझी विनंती आहे की हा खेळ पुन्हा खेळा. मोबाइलवर दोन मिनिटं उघडून ‘काय दिवस होते’ म्हणायचं आणि बंद करायचं, तसं नको. टीव्हीसमोर बसून, शेजारी दुसरा माणूस घेऊन, पहिल्या स्टेजपासून आठव्यापर्यंत नीट खेळा.

जुन्या आठवणींना उजाळा मिळावा म्हणून मी हे सांगत नाही. काँट्रा हा अतिशय विचारपूर्वक बनवलेला खेळ आहे, आणि आपल्यातल्या बहुतेकांनी तो अर्धाच पाहिला आहे. जंगल आठवतं, धबधबा आठवतो, बर्फात पळाल्याचं पुसट आठवतं. पुढे आगीचे झोत सुटणारा कारखाना आहे, वरून पंजे खाली येणारं हँगर आहे, आणि शेवटी परग्रहावरच्या प्राण्याच्या पोटात शिरून त्याचं धडधडणारं हृदय फोडायचं आहे. तिथवर फार थोडे पोहोचले. मध्येच वीज जायची, आई जेवायला हाक मारायची, नाहीतर मोठ्या माणसांना बातम्या हव्या असायच्या. खेळ जिथे थांबला तिथून पुढे सुरू करायची सोयच नव्हती. टीव्ही बंद झाला की पुन्हा पहिल्या पुलापासून.

आज टीव्ही तुमच्या मालकीचा आहे, वीज बऱ्यापैकी टिकते, आणि रविवारची दुपार मिळू शकते. खेळ येणारा माणूस तो अर्ध्या तासाच्या आत पूर्ण करतो. एका कोड्याएवढ्या छोट्या वेळात बसणारी ही गोष्ट आपण अर्धवट सोडून दिली आहे, म्हणून हा आग्रह.

हा खेळ जपानच्या कोनामी कंपनीचा. १९८७ साली तो नाणं टाकून खेळायच्या मोठ्या यंत्रावर आला आणि १९८८ साली निन्टेंडोच्या घरगुती यंत्रावर. आपण जो खेळलो तो हा घरगुती अवतार, आणि माझ्या मते मूळ यंत्रावरच्यापेक्षा तोच सरस आहे. अमेरिकेत विकलेल्या कॅसेटमध्ये हा सगळा खेळ १२८ किलोबाइटमध्ये मावला होता. आज व्हॉट्सॲपवर सकाळी येणारं फुलांचं चित्रसुद्धा कधीकधी याहून जड असतं. एवढ्याशा जागेत आठ स्टेज, त्यांचं संगीत, दरवेळी वेगळा बॉस, आणि तीन वेगळ्या पद्धतींची चाल: डावीकडून उजवीकडे पळणं, खालून वर चढणं, आणि किल्ल्यांच्या आत पडद्याच्या खोलीत पुढे पुढे जाणं. जागा नव्हती म्हणून फालतू काही ठेवता आलं नाही. खेळताना हे जाणवतं. कुठेही भराव नाही.

आता दोघांनी खेळा असं का म्हणतो, ते सांगतो. मारिओ आठवा. मारिओमध्ये दोन खेळाडू असले तरी एका वेळी एकच खेळतो. दुसरा आपली पाळी यायची वाट बघत बसतो, आणि खरं सांगायचं तर पहिला कधी मरतो याचीच वाट बघतो. काँट्रामध्ये दोघं एकाच वेळी पडद्यावर असतात, निळ्या पँटचा एक आणि लाल पँटचा दुसरा. बिल आणि लान्स ही त्यांची नावं आपल्याला तेव्हा ठाऊक नव्हती, निळा आणि लाल एवढंच पुरायचं. एक वरचे सैनिक बघतो, दुसरा खालचे. एक आडवा झोपून तोफ फोडतो, दुसरा मागून पळत येणाऱ्याला अडवतो. हे कुणी शिकवलं नव्हतं, कारण आपल्या कॅसेटबरोबर कसलंही पुस्तक येत नव्हतं. ते दोघांनी मिळून ठरवायचं असे, तेही गोळ्या चालू असताना.

तिसरी स्टेज, म्हणजे धबधबा, या दोस्तीची खरी परीक्षा घेते. तिथे खडकांवरून उड्या मारत वर चढायचं असतं. जो पुढे चढतो त्याच्याबरोबर पडदा वर सरकतो, आणि जो मागे राहिला तो पडद्याच्या खालच्या कडेबाहेर गेला की मरतो. शत्रूची एकही गोळी न लागता, नुसत्या जोडीदाराच्या घाईमुळे. बनवणाऱ्यांना वाटलं असतं तर मागच्याला आपोआप वर ओढून घेण्याची सोय करता आली असती. ती केली नाही, आणि त्यामुळे या स्टेजला जो अर्थ आला तो एरवी आलाच नसता. इथे वेगाने चढता येणाऱ्यालाच थांबावं लागतं.

माझ्या भाचीला आणि तिच्या धाकट्या भावाला मी हा खेळ दिला तेव्हा धबधब्यावर जे व्हायचं तेच झालं. ती सरसर वर, तो खाली. “ताई, थांब ना! तू वर गेलीस की मी मरतो!” हे पुन्हा पुन्हा ऐकू आलं. ती चिडायची, त्याला येत नाही म्हणायची. मग एका संध्याकाळी ती एका खडकावर उभी राहिली, वरून घरंगळत येणारा दगड चुकवला आणि म्हणाली, “तू आधी ये माझ्यापर्यंत, मग आपण उडी मारू.” कुणी काही समजावलं नव्हतं. आम्ही मोठ्यांनी असं वाग-तसं वाग सांगून जे होत नव्हतं, ते त्या खडकावर झालं. म्हणून सांगतो, घरात दोन मुलं असतील तर एकेकट्याला खेळू देऊ नका. दोघांना एकत्र बसवा आणि तुम्ही गप्प राहा.

जोडीने खेळायचे काही नियम आम्ही लहानपणी भांडून शिकलो होतो, ते इथे देऊन ठेवतो. उडत येणारी गोळ्यांची पेटी फोडली की अक्षरं पडतात. त्यांतलं ‘एस’ सर्वांत मोलाचं. त्याच्या पाच गोळ्या पंख्यासारख्या पसरतात. एस आलं की दोघंही झडप घालतात. तसं करू नका. जो नुकताच मेला आणि ज्याची चांगली गन गेली, त्याला एस द्या. तुमच्या हातात एस असेल तर वाटेत पडलेली बाकीची अक्षरं उडी मारून टाळा, नाहीतर चुकून ‘एल’ उचललं जाईल. एल म्हणजे लेझर. दिसायला झकास, पण बटण घाईने दाबलं की आधीचा किरण मध्येच तुटतो आणि पुढे पोहोचतच नाही. घायकुत्या माणसासाठी ते हत्यार नव्हे. ‘एम’ मात्र बदनाम असलं तरी वाईट नाही. बटण धरून ठेवलं की गोळ्या सुटत राहतात आणि अंगठ्याला आराम मिळतो. चाळिशीनंतरच्या अंगठ्याला त्याची किंमत कळते.

हा खेळ फार अवघड आहे अशी त्याची ख्याती आहे. एक गोळी लागली की माणूस मेला. रक्ताची पट्टी नाही. तरीही मी त्याला अवघड म्हणण्यापेक्षा प्रामाणिक म्हणेन, आणि तुम्ही खेळताना याकडे लक्ष द्यावं अशी इच्छा आहे. शत्रूच्या गोळ्या संथ येतात, डोळ्यांना स्पष्ट दिसतात. उडी मारल्यावर हवेत असतानाही तुम्हाला दिशा बदलता येते आणि आठही दिशांना गोळी मारता येते. आडवं झोपता येतं. मेलात तर का मेलात ते जवळजवळ दरवेळी कळतं.

पहिली स्टेजच बघा. सुरुवातीला येणारे सैनिक नुसते धावत येतात, त्यामुळे त्यांच्या अंगावर न जाता उडी मारणं किंवा गोळी मारणं एवढंच शिकायचं. मग झाडीत दबा धरलेले बंदूकवाले येतात, म्हणजे तिरका नेम शिकायचा. खाली पाणी आहे, त्यात पडलं तरी माणूस बुडत नाही. उलट खालचं बटण दाबलं की तो पाण्याखाली डोकं घालतो आणि तेवढा वेळ त्याला कसलीच गोळी लागत नाही. दोन पूल लागतात, पाय ठेवताच स्फोट होत मागून तुटत जातात, म्हणजे थबकायचं नाही हे शिकायचं. शेवटी भिंत, तिच्यावर तोफा, वर एक बंदूकवाला आणि खाली लाल चमकणारा गाभा. आतापर्यंत शिकलेलं सगळं तिथे एकदम लागतं. एवढ्यात पडद्यावर सूचनेचं एकही वाक्य येत नाही. इंग्रजीचा गंध नसलेल्या मराठी शाळेतल्या पोरांना हा खेळ पहिल्या दुपारी समजला, त्याचं कारण हेच. आजच्या अनेक खेळांत पहिला अर्धा तास पाट्या वाचण्यात जातो. मुलांना शिकवण्याचा धंदा करणाऱ्या प्रत्येकाने काँट्राची पहिली स्टेज एकदा सावकाश पाहावी असं मला मनापासून वाटतं.

गोष्टीचं म्हणाल तर ती आपल्याला कधी कळलीच नाही, आणि न कळल्याने काही बिघडलं नाही. जपानी आवृत्तीत काळ आहे इसवी सन २६३३, जागा न्यूझीलंडजवळची गलुगा नावाची काल्पनिक बेटं, आणि शत्रू रेड फाल्कन. अमेरिकेत विकताना काळ चालू वर्तमानात आणला आणि जागा दक्षिण अमेरिकेच्या जंगलात नेली. खोक्यावरचं चित्र बॉब वेकलिन या ब्रिटिश चित्रकाराचं आहे, आणि ते काढताना त्याच्यासमोर श्वार्झनेगरच्या ‘प्रिडेटर’ सिनेमातली छायाचित्रं होती. चित्र पाहून तुम्हाला तो सिनेमा आठवत असेल तर तो भास नाही.

आता खेळायचं कशावर, याबद्दल.

माळ्यावर जुनं यंत्र असेल तर उतरवा, पण थेट प्लग लावू नका. आधी अडॅप्टर पाहा. वायर कडक होऊन तडकली असेल तर नवा घ्या, आणि यंत्राच्या पाठीवर लिहिलेले व्होल्ट व धन-ऋण टोकं जुळताहेत याची खात्री एखाद्या रेडिओ-टीव्ही दुरुस्ती करणाऱ्याकडून करून घ्या. कॅसेटमध्ये फुंकर मारू नका. आपण सगळे ते करायचो आणि गेम चालू झाला की फुंकरीने झाला असं समजायचो. खरं तर कॅसेट काढून पुन्हा बसवल्याने टोकं नीट टेकायची. फुंकरीतून जाते ती ओल, आणि ओलीने तांब्याची टोकं हिरवी पडतात. कोकणात आणि गोव्यात राहणाऱ्यांच्या कॅसेट तर दमट हवेनेच खराब झालेल्या असतील. कानात घालायच्या कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून टोकं हलकेच पुसा, वाळू द्या, मग लावा. बऱ्याच कॅसेट एवढ्याने जिवंत होतात.

जत्रेत किंवा ऑनलाइन मिळणारे ‘चारशे खेळ’ असलेले स्वस्त हातातले डबे मात्र घेऊ नका. त्यांची बटणं भुसभुशीत असतात, तिरकी दिशा धड लागत नाही, आणि काँट्रामध्ये तिरकी दिशा लागली नाही तर खेळच संपला. शिवाय ते चोरीचे असतात. आपल्या लहानपणच्या कॅसेटही चोरीच्याच होत्या. तेव्हा बाजारात बहुधा दुसरं काही दिसत नव्हतं आणि आपण लहान होतो. आज तशी अडचण नाही. कोनामीने २०१९ साली ‘काँट्रा अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शन’ नावाचा अधिकृत संग्रह काढला आहे. तो कॉम्प्युटरवर आणि स्विच, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स या यंत्रांवर चालतो. त्यात नाणं टाकायच्या यंत्रावरचा मूळ काँट्रा आहे, घरगुती आवृत्ती आहे, जपानी आवृत्ती आहे आणि पुढचे भागही आहेत. ज्यांनी आपल्याला इतक्या दुपारी दिल्या त्यांना एकदा तरी पैसे देऊन तो घ्या. दोन साधे कंट्रोलर जोडा, बस.

त्या संग्रहात जपानी आवृत्ती जरूर उघडून पाहा. तिच्या कॅसेटमध्ये कोनामीची स्वतःची खास चिप होती, त्यामुळे पहिल्या स्टेजमधली झाडं वाऱ्याने हलतात, बर्फाच्या स्टेजमध्ये बर्फ पडताना दिसतो, आणि प्रत्येक स्टेजच्या आधी बेटाचा नकाशा येतो. अमेरिकी कॅसेटमध्ये यातलं काही नाही. तुमच्या आठवणीतली झाडं हलत होती की स्तब्ध होती? भावंडांना विचारा. यावरून तुमच्या कॅसेटमध्ये कुठली नक्कल होती याचा अंदाज येईल.

नव्या टीव्हीवर खेळायला बसलात की दोन गोष्टी खटकतील. पहिली म्हणजे बटण दाबल्यावर माणूस किंचित उशिरा उडतो. नवे टीव्ही चित्र सुंदर करण्यासाठी त्यावर प्रक्रिया करतात आणि त्यात वेळ जातो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असतो, तो चालू करा. फरक लगेच कळेल. (बदकं मारायची बंदूकही कुणी माळ्यावरून उतरवेल, म्हणून सांगतो. ती चपट्या टीव्हीवर चालणार नाही. ती जुन्या काचेच्या टीव्हीचा प्रकाश ओळखून चालायची.)

दुसरी गोष्ट म्हणजे खेळ तुम्हाला आठवणीपेक्षा वेगवान वाटेल. आपले जुने टीव्ही पाल पद्धतीचे, त्यांच्यावर सेकंदाला ५० वेळा चित्र उमटायचं. जपान-अमेरिकेतल्या टीव्हींवर ६० वेळा. काँट्रा एकेका चित्राबरोबर एकेक पाऊल पुढे जातो, त्यामुळे पाल टीव्हीसाठी बनवलेल्या आपल्याकडच्या नकली यंत्रांवर सगळंच सुमारे एक षष्ठांशाने मंद चालायचं, गाणंसुद्धा. संग्रहात तुम्हाला मूळ वेग मिळतो. तेव्हा आपली बोटं आता चालत नाहीत असं वाटून कंट्रोलर खाली ठेवू नका. थोडं खेळलात की हात त्या वेगाला लागतो.

दोघांकडेही एस असेल तर गोळ्या आणि सैनिक मधूनच लुकलुकताना दिसतील. तो संग्रहाचा दोष नाही. मूळ घरगुती यंत्राला एका आडव्या रेषेवर आठच हलती चित्रं दाखवता येत. त्याहून जास्त झाली तर खेळ ती आळीपाळीने दाखवतो, म्हणजे निदान कुठलंच कायमचं गायब होत नाही. बारीकसारीक गोष्टींचा किती विचार केलाय पाहा.

आता तीस लाइफच्या कोडबद्दल. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. ज्यांना पाढे आठवत नाहीत त्यांनाही हे आठवतं. कोड कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो यांचा. १९८६ साली ते ‘ग्रेडियस’ हा विमानाचा खेळ घरगुती यंत्रावर आणत होते. तपासणीसाठी तो खेळायचा तर त्यांना स्वतःलाच जमेना, म्हणून त्यांनी आपल्या सोयीसाठी हा कोड घातला आणि तो तसाच राहिला. काँट्रामध्ये त्याने तीनऐवजी तीस लाइफ मिळतात. दोघांनी खेळायचं असेल तर शेवटी सिलेक्ट दाबून मग स्टार्ट. हाशिमोतो २०२० च्या फेब्रुवारीत गेले.

कोड वापरणं ही लबाडी आहे का, असं मुलं विचारतील. माझं उत्तर आहे, नाही. बनवणाऱ्यानेच ठेवलेलं ते मागचं दार आहे. तीस लाइफ असल्या तरी मेलं की गन जाते, एस जातं, जोडीदार एकटा पडतो. मरण्याला किंमत राहते. सुरुवातीला कोड लावूनच खेळा, म्हणजे आठही स्टेज पाहून होतील. कुठे काय येतं ते कळलं की कोडशिवाय, तीन लाइफवर.

मी ज्याच्या विरोधात आहे ती वेगळी गोष्ट आहे. आजच्या साधनांमध्ये खेळ हव्या त्या क्षणी साठवून ठेवता येतो, काहींमध्ये तर मागे फिरवता येतो. गोळी लागली की दोन सेकंद मागे, पुन्हा लागली की पुन्हा मागे. असं करत कुणीही शेवटपर्यंत जाऊ शकतो, आणि गेल्यावर हाती काही लागत नाही, कारण पूल ओलांडताना छातीत जी धडधड व्हायची ती होतच नाही. मुलांच्या हाती देताना ही सोय आधीच बंद ठेवा, किंवा निदान त्यांना सांगा की आपल्या घरात ती वापरायची नाही. लाइफ संपल्या, मोजके कंटिन्यूही संपले, की उठायचं. उद्या पुन्हा जंगलापासून. दरवेळी थोडं पुढे जाल, आणि जंगल तर डोळे मिटून पार होऊ लागेल.

पालकांना एक शंका असणार की हा गोळीबाराचा खेळ आहे, मुलांना द्यावा का? शंका रास्त आहे, ती झटकून टाकू नका. युरोपात १९९० साली हाच खेळ ‘प्रोबोटेक्टर’ नावाने आला तेव्हा जर्मनीतल्या बालसंरक्षणाच्या कडक नियमांमुळे माणसांच्या जागी यंत्रमानव घातले गेले. म्हणजे ही काळजी जुनीच आहे. माझं मत असं की रक्त न दिसणारे, मेल्यावर उडी मारून नाहीसे होणारे हे बोटभर सैनिक आठ-नऊ वर्षांच्या मुलाला चालतील, पण पहिल्या काही वेळा तुम्ही शेजारी बसा. त्याहून लहान मुलाला मारिओ द्या. आणि ज्या मुलाला गोळीबार नकोच वाटतो त्याला ओढून बसवू नका.

जोडीदार कोण, हे तुम्ही ठरवा. मुलगा, मुलगी, बायको, नवरा, सासरेबुवासुद्धा. पण लहानपणी तुम्ही ज्याच्याबरोबर खेळायचात तो भाऊ, ती मामेबहीण, तो शेजारचा मित्र आज पुण्यात किंवा न्यू जर्सीत असेल आणि दिवाळीला येणार असेल, तर त्या वेळी दुसरा कंट्रोलर त्याच्या हाती द्या. मोठेपणी भेटल्यावर आपण काय बोलतो? घराचे हप्ते, आईची औषधं, मुलांचे प्रवेश. ते बोलायलाच लागतं. पण दोन माणसं समोरासमोर बसून बोलतात तेव्हा जे बोलणं होत नाही, ते शेजारी शेजारी बसून, दोघांचे डोळे पडद्यावर असताना कधीकधी होतं. मी हे अनेक घरांत पाहिलं आहे, आणि या आवाहनामागचं माझ्या दृष्टीने सर्वांत भक्कम कारण तेच आहे.

शेवटचं हृदय फुटलं की हेलिकॉप्टर बेटावरून उडतं, मागे बेट स्फोटात नाहीसं होतं आणि बनवणाऱ्यांची नावं येतात. ती पूर्ण जाऊ द्या. त्यानंतर खेळ स्वतःच पुन्हा पहिल्या स्टेजपासून सुरू होतो, तेव्हा थांबायचं की नाही हे तुमच्यावर आहे.

पुढचं काय खेळावं असं वाटलं तर त्याच संग्रहात १९९० चा ‘सुपर सी’ आहे. किल्ल्यांच्या आतल्या स्टेजऐवजी त्यात वरून पाहिल्यासारख्या स्टेज आहेत. त्यानंतर १९९२ चा ‘काँट्रा ३’ घ्या, चित्रं मोठी, बॉस भव्य, आणि दोन गन एकदम बाळगता येतात. २०२४ साली आलेला ‘ऑपरेशन गलुगा’ पहिल्याच कथेची नवी मांडणी आहे, नवख्या जोडीदाराला तो सोपा जाईल, कारण एका गोळीत मरायचं की नाही हे त्यात निवडता येतं. पण क्रम हाच ठेवा, जुना आधी. आणि सुपर सी सुरू करताना तीस लाइफचा कोड दाबत बसू नका, तिथला कोड वेगळा आहे: उजवं, डावं, खाली, वर, ए, बी, स्टार्ट. त्याने दहाच मिळतात.